यंत्रकृत नोंदी आणि त्यांचें प्रामाण्य

जुन्या कागदांतून माहिती वेंचून ती कोष्टकांत घालण्याचा उद्योग इतिहाससंशोधकास नवा नाहीं. शकावली म्हणजे मिति व प्रसंग यांचें कोष्टक. वंशावळ म्हणजे बाप व लेक या एकाच संबंधाची उतरंड. रुमालाची जंत्री म्हणजे कागद, लेखक, मिति व विषय यांची यादी. कोणीतरी सबंध कागद वाचून, त्यांतील पाल्हाळ सोडून, नेमकी वस्तु उचलली तेव्हांच हीं तिन्ही साधनें सिद्ध झालीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हेंच काम गणकयंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न अमेरिकेंत व युरोपांत मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. इंटरनेटवरील कोट्यवधि पृष्ठें यंत्रानें स्वतः वाचावीं, त्यांतून ‘अमुक व्यक्तीचा जन्म अमुक स्थळीं’, ‘अमुक ग्रंथाचा कर्ता अमुक’ अशा त्रिपद नोंदी काढाव्या, आणि त्या नोंदींचें भांडार रचावें, असा हा उपक्रम आहे.

हा विषय यंत्रशास्त्रज्ञांचा, त्याच्याशीं पोथ्या जमविणारांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु इंटरनेटवर प्रश्न विचारणारास आज जें आयतें उत्तर चौकटींत मिळतें, त्याच्या मागें बहुधा असेंच एखादें भांडार असतें. खासगी व संस्थांच्या संग्रहांच्या सूच्याही हळूहळू याच प्रवाहांत जात आहेत. तेव्हां एखादा नवा साधनग्रंथ हातीं आला असतां आपण ज्या कसोट्या लावतों त्याच कसोट्या या भांडारांस लावून पाहणें अवश्य आहे. कागद कोणता, तो वाचला कोणी, वाचन बरोबर आहे काय, कागदाचा लेखक विश्वसनीय आहे काय, आणि त्याच गोष्टीस दुसरा स्वतंत्र आधार आहे काय, या त्या कसोट्या होत. प्रस्तुत लेखांत या क्षेत्रांतील कांहीं प्रमुख कृतींचें परीक्षण याच क्रमानें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाचनाची रीत. १९९२ सालीं मार्टी हर्स्ट या विदुषीनें असें दाखवून दिलें कीं, भाषेचा अर्थ न समजतांही वाक्याच्या ठराविक ठेवणीवरून वस्तु व तिची जात यांचा संबंध ओळखतां येतो. तिचीं उदाहरणें इंग्रजी होतीं; पण तत्त्व मराठींतही तेंच. ‘राजगड, तोरणा, पुरंदर इत्यादि किल्ले’ असे शब्द आले कीं ‘इत्यादि’च्या अलीकडचीं नामें पलीकडच्या जातींत मोडतात, हें किल्ला म्हणजे काय तें ठाऊक नसणारासही कळतें. १९९८ सालीं सर्गे ब्रिन यानें यापुढें पाऊल टाकलें. त्यानें यंत्रास केवळ पांच ग्रंथांचीं व त्यांच्या कर्त्यांचीं नांवें दिलीं. तीं नांवें जेथें जेथें आढळलीं तेथील शब्दांची ठेवण यंत्रानें टिपली. त्या ठेवणीवरून नवीन ग्रंथ व कर्ते हुडकले. त्यांवरून पुन्हा नव्या ठेवणी काढल्या. आणि अखेरीस १५ हजारांहून अधिक ग्रंथांची यादी तयार झाली. ही युक्ति चतुर आहे यांत संशय नाहीं. परंतु ब्रिननें स्वतःच एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे, ती वाचकांनीं लक्षांत घ्यावी. पहिल्या पांच बीजग्रंथांपैकीं दोनच यंत्राच्या उपयोगीं पडले, आणि ते दोन्ही विज्ञानकथांचे होते. म्हणजे यंत्र कोणत्या रस्त्यानें जाणार हें पहिल्या मूठभर उदाहरणांनींच ठरून गेलें. पहिलें दप्तर ज्या घराण्याचें मिळालें त्याच घराण्याच्या दृष्टीनें सबंध परगण्याचा इतिहास लिहिला जावा, तशांतला हा प्रकार.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं जानेवारी २०१० मध्यें सुरू केलेलें ‘नेल’ नांवाचें यंत्र. अहोरात्र वाचीत राहावें आणि जें वाचलें त्याच्या आधारें पुढचें वाचन सुधारावें, अशी त्याची योजना होती. आरंभीं त्यास १२३ जाती व ५५ संबंध यांचा सांगाडा आणि प्रत्येक जातीचे १० ते १५ नमुने देण्यांत आले. ६७ दिवसांत त्यानें २,४२,४५३ नोंदी जमविल्या आणि त्यांपैकीं शेंकडा ७४ बरोबर असाव्या असा अंदाज कर्त्यांनीं प्रसिद्ध केला. तथापि याहून महत्त्वाचे आंकडे त्याच निबंधांत आहेत. कामाचे तीन भाग करून पाहतां पहिल्या भागांतील नोंदी शेंकडा ९०, दुसऱ्यांतील ७१ आणि तिसऱ्यांतील ५७ बरोबर निघाल्या. म्हणजे यंत्र जसजसें अधिक वाचीत गेलें तसतशी त्याच्या नव्या नोंदींची शुद्धता घटत गेली.

याचें कारण एका प्रसिद्ध उदाहरणावरून उघड होतें. इंग्रजींत ‘कुकी’ हा शब्द भट्टींत भाजलेल्या गोड खाद्यास लावतात, आणि संकेतस्थळ वाचकाच्या यंत्रांत जी लहानशी खूण ठेवतें तिलाही लावतात. नेलनें ही दुसरी कुकी भाजलेल्या खाद्यांत घातली. लोक या खुणा पुसून टाकतात, तशाच यंत्रांतील फायलीही पुसून टाकतात. दोहोंची वाक्यें एकाच ठेवणीचीं. तेव्हां फायली हेंही एक भाजलेलें खाद्यच होय, असें यंत्राच्या मतें सिद्ध झालें. वाचकांस हसूं येईल. परंतु दोषाची जात ओळखीची आहे. मोडी कागदांतील एक नांव एकानें चुकीचें लावलें, दुसऱ्यानें त्या वाचनावरून नातें जुळविलें, तिसऱ्यानें त्या नात्यावरून वतनाचा निवाडा केला, अशीं प्रकरणें जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहींत. चूक एका ठिकाणीं पडून राहिली तर तिचें भय थोडें. ती पुढच्या वाचनाची साक्षीदार होऊन बसते तेव्हां ती पसरते. जें भांडार आपल्याच जुन्या नोंदींवर विसंबून नव्या नोंदी करतें, त्यास हा धोका जन्मतःच जडलेला आहे.

नेलच्या कर्त्यांस हें ठाऊक होतें, आणि त्यांनीं योजिलेला उपाय वाखाणण्याजोगा आहे. एकाच वस्तूविषयींच्या अनेक नोंदी एकमेकींस बांधून टाकावयाच्या, हा तो उपाय. जी वस्तु शहर आहे ती मनुष्य असूं शकत नाहीं; ज्या संबंधांत पहिलें पद खेळाडू व दुसरें संघ असावयास पाहिजे तेथें पर्वताचें नांव आलें तर नोंद टाकावी. पत्रांतील तिथीशीं वार जुळतो कीं नाहीं हें आपण स्वामीकन्नू पिल्ले यांच्या पंचांगकोष्टकांवरून पाहतों, आणि न जुळल्यास कागदाविषयीं साशंक होतों. त्याच जातीची ही परीक्षा आहे. मात्र अशा परीक्षेनें अशक्य गोष्टी गाळल्या जातात, शक्य परंतु खोट्या गोष्टी गाळल्या जात नाहींत. बनावट सनद करणारा हुशार असला तर वार बरोबरच घालतो. शेवटीं नेलच्या बाबतींतही माणसांस मधून मधून नोंदी तपासून चुकीच्या काढून टाकाव्या लागल्या. आपल्या कृतीची घटती शुद्धता लपवून न ठेवतां ती आंकड्यांनिशीं छापली, याबद्दल कर्त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे. आपल्याकडील किती सूचीकारांनीं आपल्या सूचींत शेंकडा किती चुका असाव्या हें तपासून सांगितलें आहे?

नेलच्या अगोदर, २००७ सालीं, जर्मनींतील सारब्रुकेन येथील मॅक्स प्लांक संस्थेंतून ‘यागो’ हें भांडार बाहेर पडलें होतें. त्यांत दहा लाखांहून अधिक वस्तु आणि सुमारें ५० लाख नोंदी होत्या, आणि त्यांची शुद्धता शेंकडा ९५ च्या आसपास असल्याचें तपासणींत आढळलें. नेल व यागो यांत हा फरक कां पडला? यागोनें वाटेल त्या पृष्ठावरील मोकळें गद्य वाचलें नाहीं. विकिपीडियांतील लेखांना लेखकांनीं जे वर्ग लावून ठेवले होते, जीं कोष्टकें भरून ठेविलीं होतीं, तीं त्यानें घेतलीं आणि वर्डनेट या शब्दकोशाच्या व्यवस्थेंत बसविलीं. वर्गीकरणाचें मूळ काम हजारों अनामिक माणसांनीं आधींच करून ठेविलें होतें. यागोची शुद्धता यंत्राच्या वाचनशक्तीइतकीच त्या माणसांच्या श्रमांची आहे. सूची करण्याचें काम कमी प्रतीचें व संशोधनाचें काम उंच प्रतीचें असें मानणारांनीं यावरून बोध घ्यावा.

शेंकडा ९५ या आंकड्याविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ५० लाखांचे शेंकडा पांच म्हणजे अडीच लाख. या अडीच लाख चुकीच्या नोंदी कोणत्या, हें तो आंकडा सांगत नाहीं. समग्र भांडारावरून स्थूल अनुमान काढावयाचें असेल त्यास ही शुद्धता पुरेशी आहे. ज्यास एकाच मनुष्याचें मृत्युवर्ष पाहिजे आहे, त्यास हातांतली नोंद त्या पंचाण्णवांतली कीं पांचांतली हें कळण्यास मूळ पृष्ठाकडे जाण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां स्वतंत्र आधाराचा प्रश्न. २०१४ सालीं गूगल कंपनींतील संशोधकांनीं ‘नॉलेज व्हॉल्ट’ नांवाच्या भांडाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत १६० कोटी नोंदी होत्या, आणि त्यांपैकीं २७.१ कोटी खऱ्या असण्याचा संभव शेंकडा ९० किंवा त्याहून अधिक असल्याचें गणितानें ठरविलें होतें. हा संभव दोन गोष्टींवर बसविला होता. एक, ती नोंद किती ठिकाणीं व किती निरनिराळ्या वाचनयंत्रांस आढळली. दुसरी, ‘फ्रीबेस’ नांवाच्या आधीच्या भांडारांतील माहितीशीं ती कितपत सुसंगत आहे. हे दोन्ही निकष व्यवहारांत उपयुक्त आहेत. पण इतिहाससंशोधनांत दोन्ही घातक ठरूं शकतात, आणि त्यास महाराष्ट्रांतीलच दाखला आहे.

शिवाजी महाराजांच्या जन्माचें वर्ष १६२७ असें दीर्घकाळ सर्वत्र छापलें जात होतें. मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरींत शके १५४९, वैशाख शुद्ध २ ही तिथि आहे. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत १६२७ चा मे महिना दिला. आणि पुढील पुस्तकांनीं तेंच वर्ष उचललें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी नोंद निघाली. त्या दिवशीं एका पारड्यांत छापील ग्रंथांचा ढीग होता, आणि दुसऱ्यांत एका देशमुखाच्या घरचा एक कागद. मोजणी करणाऱ्या यंत्रास विचारलें असतें तर त्यानें १६२७ हें वर्ष जवळजवळ निश्चित सांगितलें असतें. इतकेंच नव्हे, तर आधीच्या भांडाराशीं विसंगत म्हणून नव्या कागदाची किंमत आणखीच कमी केली असती. संशोधकांनीं मोजणी केली नाहीं. शकावलींतील इतर मित्या फारसी व इंग्रजी कागदांशीं ताडून पाहिल्या; त्या बहुतेक जुळल्या; कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत हीच तिथि आढळली; राजपुतान्यांत मिळालेल्या कुंडलीनें तिला दुजोरा दिला. ढिगांतील ग्रंथ एकमेकांवरून उतरलेले असल्यामुळें त्यांची संख्या कितीही असली तरी साक्ष एकाचीच धरावयाची, हें तत्त्व येथें निर्णायक ठरलें.

या तत्त्वाची जाणीव यंत्रविद्येंत अगदींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २००९ सालीं शिन ल्यूना डाँग व त्यांचे दोघे सहकारी यांनीं इंटरनेटवरील स्थळें एकमेकांची नक्कल करतात काय हें ओळखण्याचें गणित मांडलें. दोन स्थळीं एकच खरी गोष्ट आढळली तर त्यावरून कांहीं ठरत नाहीं. परंतु एकच विशिष्ट चूक दोन्हीकडे वारंवार आढळली तर एकानें दुसऱ्यावरून उतरलें असावें, असा त्यांचा मुद्दा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ति ज्यांनीं अभ्यासिली आहे त्यांस यांत जुना मित्र भेटल्यासारखें वाटेल. समान प्रमादांवरून प्रतींचें कूळ ठरवावयाचें ही पाठचिकित्सेची पहिली पायरी. २०१५ सालीं डाँग व त्यांच्या गूगलमधील सहकाऱ्यांनीं आणखी एक भेद पाडला, तो तर विशेष मोलाचा आहे. २८० कोटी नोंदी घेऊन त्यांनीं ११ कोटी ९० लाख पृष्ठांची विश्वसनीयता अजमावली, आणि तसें करतांना नोंद चुकली ती मूळ पृष्ठ खोटें होतें म्हणून, कीं यंत्रानें तें चुकीचें वाचलें म्हणून, हीं दोन कारणें वेगळीं काढलीं. लेखकाचा दोष व वाचकाचा दोष हे निरनिराळे, हें आपण मोडी वाचतांना पदोपदीं पाहतों. यंत्रविद्येस हा विवेक उशीरां सुचला, पण सुचला.

राहिला कागदाच्या लेखकाच्या भावाचा प्रश्न. बखरकार एखादी गोष्ट ठामपणें सांगतो आणि दुसरी ऐकीव म्हणून सांगतो. त्रिपद नोंदींत ‘ऐकीव’ हा शब्द गळून पडतो. प्राचीन ज्योतिषी पृथ्वी हें विश्वाचें केंद्र मानीत, या वाक्यांतून ‘पृथ्वी विश्वाचें केंद्र आहे’ एवढीच नोंद काढणारीं यंत्रें वॉशिंग्टन विद्यापीठांत होतीं. २०१२ च्या ‘ओली’ या यंत्रांत हें विधान कोणाचें आहे हेंही टिपण्याची सोय त्यांनीं केली. तिथींचीही तीच गोष्ट. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ याचा जुन्या ज्युलियन गणनेनें १९ फेब्रुवारी १६३० होतो आणि ग्रेगोरियन गणनेनें १ मार्च १६३०. शकांत ७८ मिळवून मोकळा होणारा मनुष्य किंवा यंत्र १६२९ वर थांबेल, कारण फाल्गुनापूर्वींच इंग्रजी वर्ष पालटलें हें त्याच्या ध्यानांत येणार नाहीं. उत्तरेकडील पूर्णिमान्त पद्धतीनें हाच दिवस चैत्र कृष्ण तृतीया होतो. २०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटांत तारखेबरोबर ज्युलियन कीं ग्रेगोरियन हें लिहितां येतें, एका प्रश्नाचीं परस्परविरोधी उत्तरें शेजारीं ठेवतां येतात आणि प्रत्येकाखालीं आधार देतां येतो. हें फार चांगलें. परंतु तारखेच्या त्या घरांत शक व तिथि यांस स्थान नाहीं. मूळ कागदाची भाषा तेथें रूपांतरानेंच प्रवेश करते, आणि रूपांतरांत झालेली चूक पुढें शोधून काढण्यास मूळ शब्द तेथें उरत नाहींत.

अलीकडे भाषेचीं मोठीं यंत्रें या कामास लागलीं आहेत. वाक्याचा रोख ओळखण्यांत तीं हर्स्टच्या ठेवणींहून कितीतरी सरस आहेत. त्यांचा दोष उलट्या बाजूचा आहे. कागद फाटलेला असला, तेथें कांहींच लिहिलेलें नसलें, तरी तीं शोभेलसें कांहीं भरून देऊं शकतात. जुनें यंत्र ओबडधोबड चुका करी, त्या चटकन् डोळ्यांत भरत. नवें यंत्र करतें ती चूक सुसंगत असते, म्हणून ती पकडण्यास अधिक जाणकार माणूस पाहिजे.

या सर्वांवरून यंत्रें त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागद कोट्यवधि आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील वेंचे ४५ खंडांत प्रसिद्ध केले; एवढा प्रचंड उद्योग होऊनही तो त्या राशीचा अल्पांशच होय. न वाचलेल्या कागदांतून अमुक गांवाचें नांव कोठें कोठें येतें एवढें जरी यंत्रानें शेंकडा सत्तर शुद्धतेनें दाखविलें, तरी संशोधकाचीं वर्षें वाचतील. कारण तो ती नोंद घेऊन कागदापाशींच जाणार आहे. कागदाकडे नेणारी खूण म्हणून यंत्रकृत नोंद ग्राह्य आहे. कागदाच्या जागीं बसणारें प्रमाण म्हणून ती ग्राह्य नाहीं.

हा भेद टिकविणें संग्राहकांच्या हातीं आहे. फ्रीबेस २०१६ सालीं बंद झालें तेव्हां त्यांतील नोंदी विकिडेटांत सरसकट नेतां आल्या नाहींत. बहुसंख्य नोंदींस आधारच जोडलेला नव्हता, हें त्याचें एक मोठें कारण. लक्षावधि नोंदी हातांत असून त्या कोठून आल्या हें सांगतां येऊं नये, याहून संग्रहाची दैना ती कोणती? राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं तेव्हां केवळ आपलीं अनुमानें न छापतां मूळ पत्रें छापलीं. त्यामुळेंच त्यांचीं कित्येक अनुमानें पुढें मागें पडलीं तरी ते खंड आजही उपयोगीं पडतात. आपली सूची कोणत्याही भांडारास देणारानें म्हणून पांच गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक नोंदीबरोबर पोथीचा किंवा रुमालाचा क्रमांक असावा. पत्राचा अंक असावा. ज्या शब्दांवरून नोंद काढली ते मूळ शब्द जसेच्या तसे असावे. वाचन माणसाचें कीं यंत्राचें व कोणत्या सालचें हें लिहावें. आणि जेथें अक्षर लागलें नाहीं तेथें लागलें नाहीं असें स्पष्ट म्हणावें. या पांचांस जागा न देणारें भांडार कितीही कोटी नोंदींचें असलें, तरी आपल्या संग्रहांतील एकही पत्र त्याच्या भरंवशावर बांधून ठेवूं नये.